चुकीचा माग : किती दाखवावा, किती झाकावा?

संगणकप्रणालीची स्वयंचलित चाचणी फसली, की चूक कोणकोणत्या फंक्शनमधून कोणत्या ओळीपर्यंत पोहोचली, याची उतरंड पडद्यावर उमटते. तिला ‘ट्रेसबॅक’ म्हणतात. हा माग त्रोटक असेल तर कारण सापडत नाही. पाल्हाळिक असेल तर शेकडो ओळींत ते हरवते.

पायथन भाषेतील चाचण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पायटेस्ट’ या मुक्तस्रोत साधनात यासाठी ‘टीबी’ हा पर्याय असून त्याच्या सहा रीती आहेत. ‘ऑटो’ ही मूळ रीत पहिली आणि शेवटची नोंद सविस्तर, तर मधल्या नोंदी संक्षेपाने देते. ‘लाँग’ सर्व नोंदी विस्ताराने, ‘शॉर्ट’ थोडक्यात दाखवते. ‘लाइन’मध्ये प्रत्येक अपयशाला एकच ओळ मिळते, ‘नेटिव्ह’ पायथनची नेहमीची मांडणी वापरते आणि ‘नो’ माग पूर्णपणे गाळते. साहाय्यक फंक्शनमध्ये ‘ट्रेसबॅकहाइड’ ही खूण केल्यास त्याची नोंद वगळली जाते. ‘फुल-ट्रेस’ दिल्यास ती पुन्हा दिसते.

‘शो-लोकल्स’ हा पर्याय त्या क्षणी चलांमध्ये असलेली मूल्येही छापतो. शोधकार्यात तो मोलाचा ठरतो. मात्र त्या चलांत पासवर्ड वा ग्राहकांची माहिती असल्यास ती सामायिक नोंदवहीत उघडी पडू शकते. म्हणून अनेक चाचण्या एकदम फसल्यास आधी ‘लाइन’ने आढावा घ्यावा, मग एकच चाचणी निवडून तिचा माग विस्ताराने पाहावा, हे श्रेयस्कर.