७०,००० सह्या आणि एक फिर्यादी

प्रौढ पुरुषांचे खासगीतील समलिंगी संबंध इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ साली गुन्हा उरले नाहीत. त्याच ब्रिटिश राज्याचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये मात्र १८६१चा कायदा कायम राहिला. जानेवारी १९७६ मध्ये बेलफास्टच्या पोलिसांनी जेफ्री डजेन या कारकुनाच्या घराची झडती घेऊन त्याची खासगी पत्रे व रोजनिशी नेली. तेथील समलिंगी हक्क चळवळीतल्या या कार्यकर्त्याने स्ट्रासबर्गला दाद मागितली.

पाद्री इयान पेसली यांनी १९७७ मध्ये विरोधी मोहीम उघडली आणि सुमारे ७०,००० सह्या जमवल्या. लोकमत विरोधात आहे, हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही मान्य केले. तरीही २२ ऑक्टोबर १९८१ रोजी त्याने निकाल दिला, की इतरांना धक्का बसतो एवढ्यावरून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना शिक्षा देता येत नाही. १९८२ मध्ये कायदा बदलला.

आपले कलम ३७७ हे १८६०च्या दंडसंहितेतले, त्याच राजवटीचे. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला कात्री लावताना डजेन खटल्याचा दाखला दिला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये स्वतःचाच निकाल रद्द केला. समाज तयार होईपर्यंत थांबा, हा सल्ला बेलफास्टनेही ऐकला होता.