जबड्याच्या सांध्याचे विकार आणि मनःस्वास्थ्य

कानापुढचा जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांच्या दुखण्याचा चिंता, नैराश्य व झोप यांच्याशी असलेला संबंध. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडमिट केले, की हा सांधा बोटाखाली सरकताना कळतो. त्या वेळी नुसता ‘कट्’ असा आवाज होत असेल आणि दुखत नसेल, तर उपचारांच्या फंदात पडण्याचे कारण नाही.

अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये या दुखण्याचे खापर पडलेल्या दाढांवर फोडले. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी ताणाने आवळल्या जाणाऱ्या स्नायूंना मुख्य कारण ठरवले. या विकारांच्या १९९२ च्या संशोधन-निकषांपासून सांध्याबरोबर मनाचीही तपासणी निदानाचा भाग झाली. पुढे ‘ऑपेरा’ या अमेरिकन अभ्यासात जबडा न दुखणाऱ्या लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. अंगभर किरकोळ तक्रारी आणि मानसिक ताण ज्यांना आधीपासूनच जास्त, त्यांना हे दुखणे अधिक जडले. दुखण्याने माणूस खचतो हे खरेच; पण पुष्कळदा तो आधीच खचलेला असतो. म्हणून दुखणे ‘मनाचे खेळ’ ठरत नाही.

दिवसा नकळत दात आवळून धरण्याचा ताणाशी संबंध स्पष्ट आहे. झोपेत दात खाण्याचा तितका नाही, आणि घरोघरी दोष दिला जातो त्या जंतांचा तर नाहीच. नैराश्यावरील काही गोळ्यांनीही दात खाणे वाढते. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

तोंड कमी उघडत असेल, तर कोल्हापूर भागात मात्र पहिला प्रश्न मावा-सुपारीचा. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, सुपारी सुटलेली नाही. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील आणि गालात आतून दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागत असतील, तर तो सुपारीने होणारा, कर्करोगाकडे झुकणारा वेगळा आजार.

जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२३ मधील मार्गदर्शिकेने विचार-वर्तन उपचार व जबड्याच्या व्यायामांची ठाम शिफारस केली, सांध्यातील चकती काढण्याची शस्त्रक्रिया टाळावी, असे म्हटले. दुखणे चढलेले असताना मऊ खावे, शेकावे. उसाचे कांडके दाताने सोलू नये. दातांच्या तपासणीसाठी नवे पारगावचे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. कोल्हापूर शहरातील सीपीआर रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्लाही मिळतो. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी-सेवेचा मोफत क्रमांक १४४१६.