तार, पेजर आणि शरीरातला निरोप

शरीरात निरोप कसा पोचतो हे सांगताना प्रत्येक पिढीने आपल्या काळातलं यंत्र पुढे केलं. एकोणिसाव्या शतकात ते तारायंत्र होतं, आणि ही उपमा निव्वळ शोभेची नव्हती. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने क्योनिग्सबर्गला बेडकाच्या स्नायूला जोडलेल्या मज्जातंतूला आधी स्नायूजवळ, मग लांबवर विजेचा झटका दिला आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळांतला फरक मोजला. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. हा वेग कधी मोजता येईल यावर त्याचे गुरू योहानेस म्यूलर यांचाही विश्वास नव्हता. तारेतल्या विजेपुढे हा वेग फारच कमी, म्हणजे मज्जातंतू ही साधी तार नव्हे, हे तेव्हाच दिसलं. तरी एक साम्य टिकलं: निरोप कोणाचा हे वाटेवरून ठरतं. डोळा दाबला तरी उजेडच दिसतो, कारण त्या वाटेने येणाऱ्या प्रत्येक आवेगाचा अर्थ मेंदू 'प्रकाश' असाच लावतो. आवेगावर पत्ता लिहिलेला नसतो.

पेजरचं नेमकं उलट आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांसाठी १९५० मध्ये सुरू झालेली आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात कमरेच्या पट्ट्यावर दिसू लागलेली ही सेवा वाट शोधतच नाही. मनोरा प्रत्येक निरोप साऱ्या परिसरात पसरवतो आणि पत्ता निरोपाच्या आतच असतो. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत तर पेजर बराच वेळ झोपलेला असतो, ठरल्या क्षणी जागा होऊन आपला क्रमांक आला का एवढंच पाहतो. शरीरात याची जोडी मज्जातंतूशी नाही, संप्रेरकाशी जुळते. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याचे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंडातून रस पाझरलाच. मग त्या आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात वाटलं, गाळलं आणि शिरेत टोचलं. पुन्हा रस पाझरला. म्हणजे निरोप रक्तातून सर्वत्र गेला होता; ऐकला मात्र ज्याच्याकडे तो ओळखणारा ग्राही होता त्यानेच.

यावर आक्षेप रास्त आहे: दोन मज्जापेशींच्या सांध्यातही रसायनच असतं. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं की मज्जातंतू चेतवून मंदावलेल्या बेडकाच्या हृदयातला द्राव दुसऱ्या हृदयात घातला की तेही मंदावतं. पण सांध्यातली फट मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या घरातली, आणि तिथलं रसायन लगेच मोडतं किंवा परत शोषलं जातं. पत्ता तिथेही वाटेनेच ठरतो. ग्राही फक्त दार उघडतो. पेजरला मज्जातंतूच्या रांगेत बसवलं की हा भेद पुसला जातो. एका बोटाला आखडण्याचा हुकूम द्यायला स्वतंत्र वाट लागते, तर शरीरभर पसरलेल्या पेशींना एकाच वेळी साखर शोषायला सांगताना तेवढ्या वाटा बांधणं परवडत नाही. दोन्ही कामं शरीराला करायची आहेत, म्हणून दोन्ही पद्धती त्याने ठेवल्या आहेत.