१ जानेवारी १८७७: नागपुरातलं एक लाँच

हा आपल्या एपिसोडचा लेखी भाग. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. बसमध्ये वाचत असाल तर स्टॉप चुकवू नका.

सुरुवात माझ्याच रडगाण्याने करतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक नागपुरातच केलं, सध्या काम पण इथूनच. दोन वर्षांपूर्वी ज्या कंपनीत होतो, तिथे आम्ही एक अ‍ॅप बाजारात आणत होतो. तारीख ठरली दसरा. ठरवली मार्केटिंगने. बॅनर छापले गेले, रील बनवणाऱ्यांना पैसे दिले गेले, आणि इकडे आमचं पेमेंटचं पान मधूनच अडकत होतं. मी म्हटलं, दोन आठवडे द्या. उत्तर आलं, "दसरा दोन आठवडे पुढे ढकलता येतो का?" हशा पिकला. दसऱ्याला लाँच झालं, संध्याकाळी सातला पेमेंट अडकलं, आणि दिवाळीपर्यंत मी घरी धड जेवलो नाही.

हे सगळं मी आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, तावातावाने सांगत होतो. आबाजी एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात होते. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "अरे बाप्पा, आमची मिल तरी कुठं पहिल्या दिवशी धड चालली होती?" मला वाटलं, गंमत करतात. मग वाचायला बसलो. तर राजेहो, आबाजी बरोबर होते.

नागपूरच्या पोट्ट्यांना एम्प्रेस म्हटलं की मॉल आठवतो. गांधीसागर तलावाजवळचा. जुने लोक त्या तलावाला जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात. त्या जागेवर मिल होती. तिची सुरुवात १ जानेवारी १८७७ ला झाली. आता ही तारीख बघा. त्याच दिवशी दिल्लीत लॉर्ड लिटनने मोठा दरबार भरवून राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. सम्राज्ञी म्हणजे एम्प्रेस. मिलमागच्या कंपनीचं कागदावरचं नाव मात्र लांबलचक, सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. १८७४ ची स्थापना, भांडवल १५ लाख रुपये. हे नाव कुणाच्या तोंडात बसणार? पण "एम्प्रेस" लगेच बसलं. देशभर ज्या दिवशी एकच शब्द गाजतोय, त्याच दिवशी त्याच शब्दाची मिल सुरू. याला योगायोग म्हणणं मला तरी जड जातं. आमच्या मार्केटिंगवाल्यांनी दसरा पकडला, यांनी अख्खा दरबार पकडला.

हे करणारे गृहस्थ जमशेटजी टाटा. तेव्हा वय ३७. आज आपल्याला ते पुतळ्यातले, नाण्यावरचे वाटतात, पण १८७७ चे जमशेटजी म्हणजे एकदा चांगले पोळलेले व्यापारी होते. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस सोन्यासारखा वाटू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि पूर ओसरला. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते आणि हातातल्या हुंड्यांना किंमत उरली नव्हती. त्यातून सावरून त्यांनी १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा. त्या काळच्या इंग्लंडच्या युवराज्ञीचं नाव अलेक्झांड्राच होतं. म्हणजे नावांच्या बाबतीत माणूस आधीपासून सावध होता. दोनेक वर्षांत ती गिरणी नफ्यात विकली आणि लँकेशायरला जाऊन हा धंदा चालतो कसा, ते बघून आले.

आता खरा प्रश्न. गिरण्या सगळ्या मुंबईत. बंदर तिथे, दलाल तिथे, कारागीर तिथे. मग नागपूर कशाला? मला वाटतं, या सगळ्या लाँचमधला सगळ्यात हुशार निर्णय हाच आहे, नाव आणि तारीख त्याच्यानंतर. विदर्भाचा कापूस गाडीत भरून मुंबईला जायचा, तिथून जहाजाने इंग्लंडला, आणि कापड होऊन त्याच वाटेने परत. जमशेटजींनी कापूस जिथे पिकतो तिथेच साचे नेले. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती, त्यामुळे यंत्रं आणता येत होती. बॉयलरसाठी कोळसा हवा, तो चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला होता. आणि गिऱ्हाईक? नागपूर विणकरांचं गाव. हातमागावर बसणाऱ्याला सूत लागतंच. कच्चा माल, इंधन, वाहतूक, बाजार, चारही गोष्टी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. आजच्या भाषेत, लाँच करण्याआधी त्यांनी सप्लाय चेनचं काम निम्मं उरकलं होतं.

जागा मात्र दलदलीची मिळाली. तलावाकाठची पाणथळ जमीन मातीचा भराव टाकून वर आणावी लागली. इथल्या एका मारवाडी सावकाराची गोष्ट सांगतात. त्याच्याकडे भांडवल मागितलं तर तो म्हणाला, असा खड्ड्यात पैसा घालणाऱ्याला मी पैसे देत नाही. पुढे मिल चालल्यावर त्यानेच कबूल केलं की या माणसाने जमिनीत सोनं नाही पुरलं, माती घातली आणि सोनं काढलं. गोष्ट फार गुळगुळीत आहे, शंभर वेळा सांगून घासलेली. पण पहिला अर्धा भाग मला पटतो. १८७४ मध्ये मी सावकार असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

मग १ जानेवारी उजाडला. सुमारे ३० हजार चात्या, ४५० माग. आणि माल?

माल सुमार. सूत चांगलं नव्हतं आणि निघतही कमी होतं. कारण साधं होतं: पैसे वाचवायला यंत्रं हलक्या प्रतीची घेतली होती. वर नागपूरची हवा. मुंबईच्या दमट हवेत धागा नरम राहतो, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये माणूस कोरडा पडतो तिथे धाग्याचं काय घेऊन बसलात? तो तुटतो. तुटला की साचा थांबवा, गाठ मारा, पुन्हा सुरू करा. आबाजी सांगतात, रिंग खात्यात निम्मा जन्म तुटलेला धागा जोडण्यात जातो. तिसरी अडचण माणसांची. मुंबईसारखे गिरणीत मुरलेले कामगार इथे नव्हते. शेतीचा हंगाम आला की लोक गावी, लग्नसराई आली की गावी, साचे रिकामे.

म्हणजे नाव जबरदस्त, तारीख जबरदस्त, आणि प्रॉडक्ट अडकतंय. ओळखीचं वाटतंय ना?

इथे थोडं थांबून दुसरीकडे जातो, कारण त्याच दिवसाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच दिल्ली दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हजर होते. अंगावर खादी, स्वतः कातलेल्या सुताची. रेशीम-जरीने भरलेल्या त्या मंडपात एक माणूस जाड्याभरड्या कपड्यात उभा. दख्खनमध्ये तेव्हा दुष्काळ होता, लोक अन्नाला मोताद होते. जमशेटजींनी तो दिवस सम्राज्ञीच्या नावाने वापरला, काकांनी तोच दिवस बरोबर उलट्या कारणासाठी वापरला. एकाच दिवशी कापडाची दोन लाँच म्हणा ना. काकांच्या लाँचला भांडवल शून्य होतं.

परत मिलकडे. मला जमशेटजींचा खरा आदर वाटायला लागला तो १८७७ नंतरच्या वर्षांमुळे. त्यांनी मिलचा कारभार दोन माणसांवर सोपवला होता. एक बेझनजी दादाभाई मेहता, रेल्वेतून आलेले. गिरणीचा अनुभव नाही, पण माल, माणसं आणि वेळापत्रक सांभाळायची सवय. दुसरे जेम्स ब्रुक्सबी, लँकेशायरचा तंत्रज्ञ. एक ऑपरेशन्स, एक टेक. जमशेटजी स्वतः बहुतेक मुंबईत, पण लक्ष इकडेच. स्वस्त यंत्रं ही चूक होती हे त्यांनी लवकर मान्य केलं आणि थोड्याच वर्षांत चांगली यंत्रं आणली. विचार करा, १५ लाखांच्या कंपनीत "आपण घेतलेली मशीन चुकली" असं भागीदारांना सांगणं म्हणजे काय! आमच्या कंपनीत एक लायब्ररी चुकीची निवडली हे मान्य करायला आठ महिने लागले होते.

मग आलं रिंग स्पिंडल. सूत कातायची ही नवी पद्धत तेव्हा अमेरिकेत पुढे येत होती आणि लँकेशायरवाले आपल्या जुन्या म्यूलवर खूश होते. १८८३ च्या सुमारास ब्रुक्सबींनी नागपुरात थोड्या रिंग फ्रेम लावून बघितल्या. आधी थोड्या, सगळ्या नाहीत. उत्पादन वाढतंय असं दिसल्यावर मग मोठी ऑर्डर. याला आपण आज पायलट म्हणतो आणि त्यावर स्लाईड बनवतो. जे यंत्र इंग्लंडच्या गिरण्या अजून संशयाने बघत होत्या, ते नागपुरात रुळून गेलं. आबाजी ज्या खात्यात घाम गाळत होते, त्या खात्याचा जन्म हा. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच सुपारी कातरायची थांबले.

कोरड्या हवेवर उपाय म्हणून खात्यांमध्ये हवा दमट ठेवायची यंत्रणा बसवली, आगीसाठी स्प्रिंकलर लावले. देशातल्या गिरण्यांमध्ये हे अगदी सुरुवातीचं. कामगारांच्या गैरहजेरीवर मुंबईचा नेहमीचा उपाय म्हणजे दंड. इथे बक्षिसांचा दिवस सुरू केला, चांगली हजेरी आणि काम असणाऱ्यांना समारंभात बक्षिसं. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. मालकाने देव होऊन दिलं असं मी म्हणणार नाही. माणूस टिकला नाही तर चाती टिकत नाही, हा हिशोब त्यात होताच. पण त्या काळी हा हिशोब करणारे मालक किती होते?

हे सगळं मिळून अठरा वर्षं. तारीख एका दिवसाची होती, लाँच मात्र त्या अठरा वर्षांचं.

आणि नावाचं काय झालं? १८८६ मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची एक आजारी गिरणी विकत घेतली. तिचं नाव ठेवलं स्वदेशी. अलेक्झांड्रा, एम्प्रेस, स्वदेशी. सतरा वर्षांत एकाच माणसाची तीन नावं, आणि देशाची हवा कशी बदलत गेली ते वेगळं सांगायला नको. ही गिरणीही सुरुवातीला गळ्यात धोंडा झाली, माल परत येऊ लागला, आणि तिला वर काढायला नागपूरची माणसं कामी आली. नागपूरचं नाव मात्र बदललं नाही. राणी गेली, राज्य गेलं, मिल पुढे सरकारकडे गेली आणि बंद पडली, भोंगा थांबला. एम्प्रेस हा शब्द मॉलच्या पाटीवर अजून आहे. ब्रँड प्रॉडक्टपेक्षा जास्त जगला.

गेल्या रविवारी आबाजींना तिकडे घेऊन गेलो. सरकत्या जिन्यावर चढायला ते तयार होईनात, म्हणून आम्ही बाहेर तलावाच्या काठावर बसलो. मी विचारलं, रिंग खातं कुठे होतं? त्यांनी काठीने पार्किंगकडे दाखवलं, मग थोडं डावीकडे, मग म्हणाले, नाही, तिकडे. शेवटी काठी खाली ठेवली.

आमच्या नव्या कंपनीत आता पुढची रिलीज गुढीपाडव्याची ठरतेय. यावेळी मी दोन आठवडे मागितले नाहीत. मीटिंगमध्ये एवढंच विचारलं की पाडव्यानंतरचे तीन महिने या कामावर कोण कोण असणार, त्यांची नावं आजच लिहूया का? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मार्केटिंगच्या ताईंनीच पहिलं नाव लिहिलं, स्वतःचं.