तक्रार आली नाही, म्हणजे?

गेल्या शनिवारी माळा आवरताना हॉस्टेलची जुनी पावती सापडली. साल १९९९. पत्ता: नंदुरबार, जि. धुळे. खरं तर १ जुलै १९९८ लाच नंदुरबार वेगळा जिल्हा झाला होता, पण पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या कारकुनापर्यंत बातमी पोचली नव्हती. मीही दुरुस्ती सुचवली नाही. नवीन पोरगं, कशाला तोंड उघडायचं!

तोंड उघडायची भीती वेगळ्याच कारणाने होती. पहिल्याच रात्री सीनियर्सनी उभं केलं आणि घरची भाषा बोलायला लावली. मी अहिराणीत म्हणालो, "कथा जाई ऱ्हायना भो?" अख्खी खोली हसली. पुढे महिनाभर मला तेच नाव पडलं. मारहाण नाही, काही नाही. 'इंट्रो' म्हणायचे त्याला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी महाराष्ट्राने रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला होता. तामिळनाडूत १९९६ मध्ये नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमधून खून झाला आणि १९९७ मध्ये तिथे कायदा आला. मग आपला. मी तो परवा पहिल्यांदा नीट वाचला. नुसती मारहाणच नव्हे, तर विद्यार्थ्याला भीती वा लाज वाटेल असं वागणं, आणि तो एरवी आपखुशीने करणार नाही ते करायला लावणं, हेही रॅगिंगच. म्हणजे आमचा 'इंट्रो' गुन्हाच होता की राव! शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. नाही केली, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जाईल.

कायदा कडक आहे. पण सगळं घोडं एका शब्दावर अडतं. तक्रार.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. पुढच्या वर्षी मी खोलीच्या दुसऱ्या बाजूला होतो. धडगावकडचा एक मुलगा आला, घरची भाषा पावरी. मीच म्हणालो, "बोल ना तुझ्या भाषेत." मला वाटलं, गाववाला आहे, मजा येईल. तो बोलला. सगळे हसले, मीही हसलो. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही. कारण आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. त्याने तक्रार केली नव्हती. मीही केली नव्हती. कॉलेजच्या कागदावर दोन्ही वर्षं स्वच्छ.

आमच्या धंद्यात बग नोंदवला गेला नाही म्हणून सॉफ्टवेअर निर्दोष आहे असं कुणी म्हणत नाही. आपण मुद्दाम शोधायला जातो. रॅगिंगच्या बाबतीत हे शहाणपण यायला दहा वर्षं लागली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचलमध्ये अमन काचरू गेला, आणि त्याच वर्षी यूजीसीचे नियम आले. विद्यार्थी-पालकांची हमीपत्रं, हेल्पलाइन वगैरे आपल्याला माहीत असतं. पण त्यात एक कलम फार मोलाचं आहे: पहिले तीन महिने, दर पंधरा दिवसांनी, पहिल्या वर्षाच्या मुलांची नाव न विचारता पाहणी करायची. म्हणजे तक्रारीची वाट बघायची नाही, आपण होऊन विचारायचं. २०१६ मध्ये व्याख्येत जात, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून छळणं आणि वाळीत टाकणंही आलं.

तरी २२ मे २०१९ ला मुंबईत नायर रुग्णालयाच्या हॉस्टेलमध्ये डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. तीन सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. इथे तर तक्रार झाली होती, आम्ही आधीच सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं. तिची आई नंतर सर्वोच्च न्यायालयात गेली, रोहित वेमुलाच्या आईबरोबर.

बातमी वाचली तेव्हा मला धडगावचा तो मुलगा आठवला. पायलचं नाव सगळ्यांना कळलं. त्याचं मलाही आता आठवत नाही, आणि याचीच लाज वाटते.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर जण आदिवासी. २०२० पासून तिथे सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. तिकडची पोरं पुण्या-मुंबईला येतात, तुमच्या-आमच्या ऑफिसातही येतात. नव्याला उभं करून "बोल ना तुझ्या भाषेत" म्हणायची हौस तिथेही असते, फक्त तिला 'टीम बॉन्डिंग' म्हणतात. हसणाऱ्यांत एकाने जरी "पुरे रे" म्हटलं तरी खोली बदलते. त्या रात्री मी म्हटलं नव्हतं.

असो. पावती परत माळ्यावर ठेवली नाही. टेबलावरच आहे.