पुरंदरचा गर्भ आणि गंजपेठेचे घर

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांच्या अंगावर चढली, तेव्हा सखारामबापू, नाना फडणीस प्रभृती ज्या कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध कट उभारला त्यांची सारी भिस्त अद्याप जन्मास न आलेल्या एका जीवावर होती. कारण नारायणरावांची विधवा गंगाबाई गर्भवती होती. तिला पुरंदर किल्ल्याच्या बंदोबस्तात ठेवून या कारभाऱ्यांनी, म्हणजेच बारभाईंनी, तिच्या नावाने दौलतीचा कारभार चालविला, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाल्यावर जेमतेम चाळीस दिवसांच्या त्या बालकास, सवाई माधवरावास, साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे आली. कन्या झाली असती तर त्या अभागी बाईकडे कोणी वळून पाहिले असते, असे मला वाटत नाही.

गर्भस्थाचा वारसा बारभाईंनी नव्याने काढला नव्हता. वाटणीच्या वेळी उदरात असलेल्या पुत्राचा हिस्सा मिताक्षरेने मानला होता, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही गर्भस्थ जीव पुढे जिवंत जन्मल्यास त्याचा हक्क राखला. परंतु हा सारा विचार मिळकतीचा होता.

जिच्या उदरातील जिवास ना दौलत होती ना बापाचे नाव, त्या विधवेची गाठ १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या दंडसंहितेशी पडे. त्या संहितेच्या ३१२ व्या कलमाने गर्भपातास तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यावर सात वर्षांपर्यंत कैद ठरविली. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात गुन्हेगार ठरली, आणि तिचा प्राण वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य तेवढे वगळले गेले. पुनर्विवाह १८५६ पासून कायदेशीर होता, पण घरोघरी निषिद्धच. पुण्यात अशाच एका तरुण ब्राह्मण विधवेने नवजात अर्भकास मारले आणि तिला काळ्या पाण्याची सजा झाली. तिला फसविणाऱ्या पुरुषाच्या केसालाही धक्का लागला नाही. या घटनेने व्यथित होऊन जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये गंजपेठेतील आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि विधवांनी येथे येऊन गुप्तपणे सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवावे, अशी जाहिरात शहरात लावली. बाळंतिणींची सेवाशुश्रूषा सावित्रीबाई करीत. तिथेच एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्या दांपत्याने दत्तक घेतला, आणि तो पुढे डॉक्टर झाला.

वैद्यकीय गर्भपातास मान्यता देणारा कायदा, शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर, १९७१ मध्ये झाला. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरून राहिलेल्या गर्भाने होणारा मनस्ताप त्यात ग्राह्य मानला होता. परंतु तो केवळ विवाहित स्त्रीचा. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द येण्यास २०२१ साल उजाडावे लागले, म्हणजे गंजपेठेतल्या त्या घराचे दार उघडल्याला तोवर दीडशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती.