चापाची निवड : शिंद्यांच्या फौजेतील बंदुका आणि मुरारची छावणी

प्रास्ताविक

मुरार हे आज ग्वाल्हेर शहराचेच उपनगर मानले जाते. 1857-58 च्या इतिहासात मात्र त्याला स्वतंत्र स्थान आहे. या प्रसंगांकडे सहसा राजकीय निष्ठा, धर्मभावना किंवा सेनापतींचे शौर्य या अंगाने पाहिले जाते. सैनिकाच्या हातातील शस्त्राची रचना काय होती आणि ते त्याच्या हाती कोणी दिले, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात बंदुकीच्या चापासारख्या एका लहान भागाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

सपाट चाप आणि वक्र चाप

अठराव्या शतकात हिंदुस्थानात दोन प्रकारच्या बंदुका शेजारी शेजारी वापरात होत्या. पहिली तोड्याची बंदूक. हिचा चाप बहुधा सरळ, सपाट पट्टीसारखा असे. काही वेळा त्यावर जाळीदार नक्षी केलेली आढळते. त्याभोवती संरक्षक कडे सहसा नसे. चाप दाबला की आतल्या तरफेमुळे जळता तोडा धरणारा चिमटा हळूहळू रंजकाच्या वाटीवर उतरे. चापावरील दाब सोडला की तोडा मागे येई. म्हणजेच बार उडण्याच्या क्षणापर्यंत सैनिकाला आपला विचार बदलता येत असे.

दुसरी चकमकीची बंदूक. हिचा चाप बोटाला बसेल असा वक्र असून त्याभोवती धातूचे कडे असे. येथे चापाचे काम फक्त खटका सोडवण्याचे होते. खटका सुटताच ताणलेल्या कमानीच्या जोराने घोडा पडे, त्यातील गारगोटी पोलादी पट्टीवर आपटे आणि ठिणगीने रंजक पेट घेई. एकदा खटका सुटला की घोडा थांबवणे शक्य नसे. चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून कड्याची गरज होती. चापाच्या आकारातील हा फरक केवळ सौंदर्यदृष्टीचा नव्हता. त्यामागे दोन भिन्न यंत्ररचना होत्या.

दोन्हींचे गुणदोष सैनिकांना चांगले माहीत होते. तोड्याची बंदूक गावोगावचे कारागीर बनवू व दुरुस्त करू शकत. कमान तुटण्याची किंवा गारगोटी झिजण्याची भीती तिला नव्हती आणि लांब नळीमुळे तिचा नेम चांगला लागे. परंतु पावसात तोडा विझे, रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसे आणि दाटीने उभ्या असलेल्या रांगांत जळता तोडा व उघडी दारू एकत्र असणे धोक्याचे ठरे. चकमकीची बंदूक लवकर भरता येई. कसलेला शिपाई मिनिटाला सुमारे तीन बार काढू शके. घोडेस्वाराच्या कमरेचा तमंचा सोयीचा झाला तोही अशा यंत्रामुळेच. एका हातात लगाम असताना जळता तोडा सांभाळणे फार कठीण होते.

तेलंगा आणि नजीब

या दोन चापांमधील निवडीचे उत्तम उदाहरण महादजी शिंदे यांच्या फौजेत सापडते. 1784 नंतर बेन्वा द ब्वान्य या सेनानीने त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांत दोन प्रकारचे पायदळ होते. तेलंगा पलटणींना चकमकीच्या बंदुका व संगिनी दिल्या होत्या. नजीब पलटणींत पठाणांचा भरणा अधिक असून त्यांच्याकडे तोड्याच्या बंदुका, ढाल आणि तलवार असे. पुढे नजीबांच्या बंदुकांनाही संगीन जोडण्यात आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नजीबांकडील तोड्याची बंदूक हे मागासलेपणाचे किंवा धार्मिक दुराग्रहाचे लक्षण मानण्याची पद्धत जुन्या लेखनात आढळते. परंतु एकाच सेनानीने, एकाच फौजेत, जाणीवपूर्वक दोन्ही शस्त्रे ठेवली होती. रांगेतील वेगवान गोळीबारासाठी एक आणि नेमबाजी व हातघाईच्या लढाईसाठी दुसरे, अशी ही कामाची वाटणी होती. पाटण आणि मेडता येथील 1790 च्या विजयांत या कवायती पायदळाचा मोठा वाटा होता.

नव्या पद्धतीच्या बंदुका येथे बनत नव्हत्या, हा समजही टिकत नाही. शिंद्यांच्या चाकरीतील सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्रा येथे तोफा आणि बंदुका तयार होत. तेथील बंदूक सुमारे 10 रुपयांत पडे आणि ती युरोपीय बंदुकीच्या तोडीची मानली जाई. ज्ञान आणि कारागिरी या दोन्ही गोष्टी उपलब्ध होत्या.

महाराजपूर ते मुरार

29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला. महाराजपूरला शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडण्याऐवजी त्यांच्याजवळच मरण पत्करले आणि इंग्रजांचीही मोठी हानी झाली. जानेवारी 1844 च्या तहाने दरबारच्या फौजेवर मर्यादा आली व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ग्वाल्हेर कंटिंजंट वाढवण्यात आली. तिचा खर्च ग्वाल्हेरच्या महसुलातून होई. तिचे मुख्य ठाणे मुरार होते. शिपाई बहुतांशी अवध भागातील हिंदू व मुसलमान होते. पैसा ग्वाल्हेरचा, शिपाई अवधचा आणि हुकूम इंग्रजांचा, असा हा विलक्षण संयोग होता.

याच सुमारास गारगोटीची जागा स्फोटक टोपीने घेतली. चाप तोच वक्र राहिला. घोडा मात्र आता टोपीवर पडू लागला आणि पावसाची अडचण बरीच कमी झाली. पुढे 1853 च्या नमुन्याची, नळीत आटे पाडलेली एनफिल्ड रायफल आली. तिच्या काडतुसांवरील चरबीचा वाद सर्वश्रुत आहे. हिंदू व मुसलमान शिपायांना तो सारखाच लागू होता. 14 जून 1857 रोजी मुरारच्या छावणीत उठाव झाला. याच कंटिंजंटने तात्या टोपे यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबरअखेर कानपूर येथे जनरल विंडहॅमला मागे रेटले.

1 जून 1858 रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंदे यांच्या फौजेचा मोठा भाग तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी यांना जाऊन मिळाला. त्या दिवशी शस्त्रांच्या श्रेष्ठतेने नव्हे, तर चाप कोणावर ओढायचा या शिपायांच्या निर्णयाने निकाल लागला. 16 जूनला सर ह्यू रोज याने मुरार घेतले. त्यानंतर कोटा की सराय येथे राणीला वीरमरण आले आणि 20 जूनपर्यंत ग्वाल्हेरचा किल्लाही पडला. रोजच्या फौजेकडे एनफिल्ड रायफली होत्या. त्यांचा पल्ला गुळगुळीत नळीच्या बंदुकांपेक्षा कितीतरी अधिक होता.

उठावानंतर

उठावानंतर इंग्रज सरकारने घेतलेले निर्णय बोलके आहेत. हिंदी शिपायांसाठी 1858 च्या नमुन्याची बंदूक काढण्यात आली. ती बाहेरून एनफिल्डसारखीच दिसे, परंतु तिच्या नळीत आटे नव्हते. चाप तोच, घोडा तोच, टोपी तीच, मात्र नेम आणि पल्ला कमी. तोफखाना काही अपवाद वगळता गोऱ्या सैनिकांकडे ठेवण्यात आला. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य प्रजेला परवान्याच्या बंधनात आणले. मुरारची छावणी 1886 पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात राहिली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सपाट आणि वक्र चाप यांतील निवड ही जात किंवा धर्म यांवर नव्हे, तर कामाचे स्वरूप, खर्च आणि कवायत यांवर ठरत होती. दुसरी, एतद्देशीय सत्ता केवळ जुन्या शस्त्रांमुळे हरल्या हे स्पष्टीकरण अपुरे आहे. नियमित पगार, एकसंध नेतृत्व आणि महसुलावरील ताबा यांचा विचार त्यासोबत करावा लागतो. तिसरी, 1858 पूर्वी शिंद्यांच्या फौजेत निवड करणारा आणि शस्त्र वापरणारा एकाच राज्यातील होता. नंतर निवड परक्या सत्तेच्या हाती गेली आणि तिने अविश्वासालाच शस्त्राच्या रचनेत स्थान दिले. वर्गात 1857 शिकवताना काडतुसाच्या चरबीबरोबरच आटे नसलेल्या या नळीचाही उल्लेख झाला, तर अविश्वासाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.